मागे मोकळी जागा

दारावर खडूनं फुली मारलेली होती. फुलीखाली तारीख, पथकाचा नंबर, आणि पुढच्या घराकडं दाखवणारा बाण. पोलिओचे डोस पाजायला घरोघर फिरणाऱ्या बायका अशी खूण करून जातात. आदल्याच दिवशी त्यांनी आमच्या चौकटीवर पी लिहिला होता आणि जैनबच्या करंगळीवर काळी शाई लावली होती. पी म्हणजे या घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला. फुली म्हणजे राहिला, किंवा घर बंद, पुन्हा यायचं. जैनबला कमरेवर घेऊन मी त्या दारासमोर उभी होते आणि मला आधी हसूच आलं. कारण ते दार नव्हतंच. दाराच्या मापाची, सागवानी रंग दिलेली, कडी-कोयंड्यासकट भिंतीवर ठोकलेली फळी होती ती. फळीमागं काँक्रीट, आणि काँक्रीटमागं पस्तीस मीटर खोल विहीर, थेट रेल्वेच्या नव्या बोगद्यापर्यंत उतरलेली. बोगद्यातली कोंदट हवा वर ओढून बाहेर टाकायची आणि चांगली हवा खाली सोडायची, एवढंच त्या इमारतीचं काम. आत पंखे होते, माणूस नव्हतं. ते दार मी कागदावर काढलं होतं. कडी कुठल्या उंचीवर असावी, म्हणजे रोज हात लागून घासल्यासारखी वाटेल, तेसुद्धा मी ठरवलं होतं. आणि कुणीतरी बाई, खांद्याला निळा डबा लटकवून, भाद्रपदाच्या रिपरिपीत इथं थांबली होती. तिनं ती कडी वाजवली असेल. "बाळ हाय का घरात?" म्हणून हाक मारली असेल. आतून घुमल्यासारखा आवाज येत असेल, म्हणून जरा जास्तच थांबली असेल. मग लिहून गेली, पुन्हा यायचं. मग माझं हसू गेलं. जैनबनं हात लांबवला आणि ती फुली पुसायला लागली. मी तिचा हात धरला. का धरला, माहीत नाही.

तालमीच्या हॉलमध्ये वरच्या आळीची बैठक झाली तेव्हा मला सहावा महिना होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून माणसं आखाड्याच्या कठड्यावर बसली होती. मला मात्र त्यांनी पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. एक निवृत्त सुभेदार उभे राहिले. "मॅडम," ते म्हणाले, "आमच्या आळीत घरं कशी परेडला उभी राहिल्यासारखी आहेत. त्यात एक धुराडं घुसवू नका. फॉलिनमध्ये एकच मुंडासं उंच, कसं दिसेल?" सगळे हसले. मीही हसले. सुभेदारांचं खोटं नव्हतं. आमच्या पहिल्या आराखड्यात चौदा मीटरचं धुराडं होतं, आळीतल्या कुठल्याही घराच्या दुप्पट उंच. आमच्या ऑफिसचे मुख्य, इंद्रजित सर, माझ्या कानाशी म्हणाले, "शाझिया, ओळखू आलीच नाही पाहिजे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं पाहिजे, कुणीतरी राहतंय." पुढचे दोन महिने मी आळीतल्या खिडक्या मोजत हिंडले. पोट पुढं, हातात टेप. गजांची जाडी, ओट्याची उंची, सज्ज्याखालचे आधाराचे लाकडी घोडे. बायका चहाला बोलवायच्या, कितवा महिना विचारायच्या, पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी ते ठरवायच्या. इतकं सुखाचं काम मी आधी कधी केलं नव्हतं. वरच्या मजल्यावरची एक खिडकी मी अर्धी उघडी काढली. दाखवायलाच अर्धी उघडी, मागं भिंत. तिथं कोण राहतं तेही मनात ठरवलं होतं. एक बाई, एकटी नाही, पण दुपारी एकटी. खिडकीशी पाळणा. सासरी आम्ही दोन खोल्यांत पाचजण. झोळी बांधायला आढ्याला कडी नव्हती, म्हणून अम्मींनी, माझ्या सासूबाईंनी, दाराच्या चौकटीत बांधली होती. पुढं तीच झोळी हलवत मी एका हातानं रेघा मारत असे. ती खोटी खिडकी किती दिवस माझीच खोली होती, ते मी नवऱ्याला, रिजवानलाही सांगितलं नाही.

पण हवा कुठंतरी सोडावी लागतेच. उंच धुराडं नको म्हटल्यावर ती भिंतीतून सोडायची. समोरच्या भिंतीत सज्जे आणि दार, डावीकडं सुभेदारांचं घर, उजवीकडं देऊळ. राहिली मागची बाजू. मागं सिटी सर्व्हेच्या नकाशावर पांढरा चौकोन होता आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, मोकळी जागा. मागच्या भिंतीत तिरक्या पात्यांची मोठी झडप मी काढली. जमिनीपासून अडीच मीटरवर, म्हणजे मागूनही फार भेसूर दिसू नये. तो कागद सरांच्या टेबलावर गेला तेव्हा सरांनी पेन ठेवून कौतुकानं दोन्ही हात जोडले होते.

त्या दिवशी, फुली बघितल्यावर, मी इमारतीला वळसा घालून मागं गेले. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा. बोळात चिखल होता, जैनब आता कमरेवर जड होते. मागं झडपेसमोर एक घर होतं. दगडमातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, पत्र्यावर दगड. झडपेपासून दारापर्यंत मी मीटरभराची लांब पावलं टाकली. सहा झाली. मधल्या जागेत दोन खुंट्यांना दोरी बांधून त्यावर लहान पोराची फडकी वाळत घातली होती, वीस-पंचवीस तरी. पाऊस भुरभुरत होता आणि फडकी तरीही वाळत होती. झडपेतून कोमट वारा येत होता. पंख्यांची चाचणी सुरू झाली होती, रोज दोन तास.

"डोसवाली बाई का तू?" दारातून एक म्हातारी बाहेर आली. काटक, नऊवारीचा काचा मारलेला. "आमच्या बारक्याला पाजलाय बगा काल."

"नाही मावशी. मी असंच, इमारत बघायला आले."

"बग की. लय गुणाची हाय." जावयाचं कौतुक करावं तसं तिनं झडपेकडं बघितलं. "ह्या दिसांत फडकी वाळत न्हाईत. चुलीवर धरून धरून सून वैतागली. आता हितं टाकली की घटकंत वाळत्यात. द्येवानंच इस्त्री धाडली म्हनायची."

तिचं नाव राहीबाई. आत सून सोनिया तीन महिन्यांच्या पोराला पाजत बसली होती. मुलगा धनाजी हमालीला गेलेला. माणदेशातली धनगराची माणसं. पावसाळ्यात मेंढरं तिकडं दिराच्या राखणीत असतात आणि ही इथं. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड मेंढरांमागं कोकणच्या वाटेला लागतं ते जेठात परत. "तीस वरसं झाली हितं," ती म्हणाली. मी दोरीवरचं एक फडकं उचललं. पांढऱ्या सुती लुगड्याचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. बोटांना काही लागलं म्हणून बघितलं तर काजळ. काजळापेक्षा बारीक, जरा चमकणारं. ब्रेक घासून निघते ती लोखंडाची पूड. पंधरा दिवस रेल्वेवाले मालगाड्या चालवून बघत होते, त्याची. मी मोबाइलवर फोटो काढले. आत पोर खोकलं. लहान पोरं खोकतात तसंच, काही विशेष नाही. सोनिया त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हवा बदललीया न्हवं, म्हनून."

मला नीट आठवत होतं, मी इथं आले होते. आठवा महिना संपत आला होता, पाय सुजून चपलेच्या पट्ट्या रुतत होत्या. मागची मोकळी जागा खरंच मोकळी आहे का, ते डोळ्यांनी बघून यायचं होतं. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. दाराला कुलूप होतं. मी फटीतून आत बघितलं होतं. थंड चूल, कोनाड्यात हळद लावलेले देवाचे दोन टाक, आढ्याला बांधून ठेवलेला झोळीचा दोर. दोराची गाठ झिजून गुळगुळीत झालेली होती. बोळातून सायकल ढकलत जाणाऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "धनगराची म्हातारी असती. गेल्यात मेंढरांमागं. पर घर कसलं ते, पडीकच म्हना." मी वहीत लिहिलं, पडीक, वापर नाही. लिहिताना तो दोर मला दिसत होता. त्या लिहिण्यात दुसऱ्या कुणाचाही हात नव्हता, माझाच होता. मला घरी जायचं होतं. आडवं व्हायचं होतं. माझ्या पोटात पोर होतं आणि दुसऱ्या कुणाच्या पोराच्या झोळीचा दोर मला त्या दिवशी नुसता दोर वाटला.

अब्बा तासगावात बेदाण्याची शेडं उभी करतात. शेड कुठल्या तोंडानं घालायचं हे ते कधी कागदावर ठरवत नसत. उन्हात उभं राहायचे, मान वळवायचे, कानाच्या पाळीला वारा कुठून लागतो ते बघायचे. मला शिकवायला त्यांना आवडायचं. "बेटा, द्राक्षाला वारा लागतो, माणसाला धूर लागतो. दोन्ही कुठनं कुठं जातंय ते बघायचं, मग पहार मारायची." बेदाणा पिवळा राहावा म्हणून शेडाला प्लास्टिकचे पडदे लावून आत गंधकाची धुरी देतात. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा लपाछपी खेळताना रॅकखाली शिरून बसले होते. अब्बांनी आत नजर टाकली, कुणी दिसलं नाही, पडदे बांधले, गंधक पेटवला. पुढचं मला फार आठवत नाही. छातीत कुणीतरी मिरची वाटत होतं, आणि पिवळा उजेड. मी खोकले म्हणून वाचले. त्यानंतर धुरी द्यायच्या आधी अब्बा दारात उभं राहून तीन वेळा मोठ्यानं हाक मारायचे, "आत कुणी हाय का?" शेड रिकामं आहे हे डोळ्यांना दिसत असलं तरी. गडी हसायचे, "मोहिद्दीनमामू, मुंग्यांस्नी इचारताय व्हय?" अब्बा तिन्ही हाका पुऱ्या करूनच काडी ओढायचे. आता त्यांची छाती शिट्टी वाजवते, चार पायऱ्या चढले की थांबतात, पण शेडावर गेले की हाक मारतातच. मी त्यांची मुलगी. मी फटीतून नजर टाकली आणि लिहून मोकळी झाले.

घरी आल्यावर जैनबला झोपवलं. ती झोपली की मला दीड तास मिळतो, कधी पाऊण. बाळंतपणानंतर मी घरून काम करते, म्हणजे तिच्या झोपेतून काम करते. सरांची मेल आलेली होती. सोमवारपासून पंखे चोवीस तास चालणार. त्याआधी परिसराचा दाखला हवा, झडपेपासून दहा मीटरच्या आत राहतं घर नाही. खाली माझं नाव टाइप केलेलं. फक्त सही. मी खूप वेळ त्या नावाकडं बघत बसले. जैनब झोपेत दूध ओढल्यासारखे ओठ हलवत होती. तिच्या नाकपुड्या किती बारीक आहेत. एक मुगाचा दाणा जेमतेम जाईल. एवढ्याशा दोन भोकांतून ती सगळी जगते. सहा पावलांवर दुसरं एक पोर होतं, तिच्याहून लहान नाकाचं. आणि बोगद्यात कधी आग लागली तर सगळा धूर ओढून बाहेर टाकायला ती झडप केलेली होती. धूर बाहेर पडेल तेव्हा समोर राहीबाईचं दार. दार म्हणजे खरं दार, उघडणारं.

संध्याकाळी रिजवान कंपनीतून आला. मी सांगितलं. तो पोळी मोडत म्हणाला, "सांगून टाक सरांना."

"वहीत माझंच अक्षर आहे. पडीक म्हणून."

"मग?"

"मग काढतील मला."

"काढू देत." घास गिळून म्हणाला, "पण जीव मोकळा होईल तुझा. आल्यापासून बघतोय, पोरीला पाजताना श्वास रोखून बसतीयस." मला ते माहीतही नव्हतं.

पुढच्या तीन झोपांत मी नवा आराखडा काढला. मागच्या भिंतीतली झडप बंद, हवा वर, चौदा मीटरवर. धुराडं. लपवलेलं नाही, वर कौलं नाहीत, खोटी गच्ची नाही, सरळ धुराडं. आळीच्या छपरांच्या वर एक राखाडी मान. इतकी कुरूप रेघ मी आयुष्यात मारली नव्हती, आणि ती एकदाही पुसली नाही. तिसऱ्या झोपेत जैनब मध्येच उठली आणि रडायला लागली. मी तिला मांडीवर घेऊन उरलेल्या रेघा मारल्या. तिनं बोटानं पडद्यावरचं धुराडं दाखवलं आणि म्हणाली, "मोत्तं." मोठं. हो गं, मोठं.

शुक्रवारी तिला अम्मींकडं ठेवून ऑफिसात गेले. सरांसमोर फोटो ठेवले, दोरीवरची फडकी, माझी काळी बोटं. वहीचं पान ठेवलं. "झडपेसमोर सहा मीटरवरचं ते घर पडीक नव्हतं सर. मी चुकीचं लिहिलं. ते लोक मेंढरांमागं गेले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं." एवढं बोलायला मी रस्ताभर घोकत आले होते. मग आराखडा ठेवला.

सर रागावले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळे फोटो बघितले, एकेक. "बाप रे," म्हणाले. "बरं झालं वेळेत सांगितलंस. उद्या पंखे लागले असते आणि पेपरात आलं असतं, तर तू आणि मी दोघं गेलो असतो." धुराड्याचा कागद त्यांनी उलटसुलट केला. "हे काय काढलंस गं. सुभेदार बंदूक घेऊन येतील." पण हसले. "चहा घे. पोरगी कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे. "त्या घराचा काही उतारा वगैरे आहे का?" मी म्हटलं, माहीत नाही, नसावा. सिटी सर्व्हेला नोंद नाही. त्यांनी ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. मला वाटलं, धुराडं मंजूर करून घ्यायला लागत असेल. "सोमवार पुढं ढकलतो," ते म्हणाले. "तू आता डोक्यातून काढून टाक." येताना मी पावसात भिजत चालत आले. रिक्षा केली नाही. कितीतरी महिन्यांनी माझे खांदे खाली उतरले होते. दारात जैनबनं गुडघ्यांना मिठी मारली आणि मी तिथंच, चौकटीत, बसून रडले. अम्मींना वाटलं कामावरून काढलं.

पंखे त्या सोमवारी लागले नाहीत. पुढच्याही नाही. मी चौकशी केली नाही. चांगलं चाललेलं असताना विचारू नये असं वाटत होतं. दहाव्या दिवशी जैनबला घेऊन मी मागच्या बोळात गेले. मला राहीबाईला सांगायचं होतं, की फडकी आता दुसरीकडं वाळत घाला, झडप बंद होणार आहे, आणि का, तेही सगळं. दोरीवर काही नव्हतं. राहीबाई उंबऱ्यावर बसली होती. मला बघताच तिचा चेहरा उजळला. "आलीस? बरं झालं. तुला वाचता येतंया. धनाजी कामावर गेलाय, सोनियाला जोडाक्षरं लागत न्हाईत." जैनब आपणहून तिच्याकडं गेली. ती कुणाकडं जात नाही. राहीबाईनं तिला मांडीत घेतलं, पदराखाली झाकलं, आणि कागद माझ्याकडं दिला.

मी उभ्यानं वाचला. मग तिनं म्हटलं, मोठ्यानं वाच, म्हणून मोठ्यानं वाचला. वायुवीजन इमारतीच्या मागील बाजूस विनापरवाना बांधकाम असल्याचे प्रत्यक्ष पाहणी अहवालावरून निदर्शनास आले आहे. सदर बांधकाम सात दिवसांत स्वखर्चाने काढून घ्यावे, अन्यथा. अन्यथाच्या पुढंही मी वाचलं. सोबत नकाशा जोडला होता. माझ्याच हातचा, माझ्याच रेघा. झडप होती तिथंच होती. घर मात्र आता त्यावर होतं. मी काढलं नव्हतं, कुणीतरी लाल पेनानं काढलं होतं, नीट, चारही भिंती, दारसुद्धा. सहा मीटर असं अंतर घातलं होतं. तेही चूक नव्हतं, मीच सांगितलं होतं.

"म्हंजे पाडायचं म्हन्त्यात," राहीबाई म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"हो."

"सात दिस."

"तारखेपासून सात. त्यातले तीन गेले."

ती जैनबला हलकं हलकं डोलवत होती. आत सोनियानं पोर खांद्यावरून मांडीवर घेतल्याचा आवाज आला. बोळातून कुणीतरी शिट्टी वाजवत गेलं. मला वाटलं, ती आता शिव्या देईल, सरकारला, रेल्वेला, कुणालातरी. तिनं माझ्या हातातला कागद परत घेतला, चार घड्या घातल्या, कनवटीला खोचला.

"तीस वरसं," ती म्हणाली. "मतं मागायला न्हाई आलं कोन. रेशनला गेलं तर म्हन्त्यात पत्ता न्हाई. लाइट मागितली तर म्हन्त्यात घरच न्हाई तितं." ती खरंच कोड्यात पडली होती, चेहरा लहान पोरीसारखा झाला होता. "मंग कुनी सांगितलं गं त्यास्नी, आमी हितं हाय म्हून?"

मी तिच्यासमोर चिखलात उकिडवी बसले. दुसरं काही बोलता आलं असतं. अधिकाऱ्यांनी पाहणी केली, असं कागदातच लिहिलेलं होतं, नुसतं तेवढं पुन्हा म्हणता आलं असतं. "मी," म्हटलं. "मी सांगितलं, मावशी. मला वाटलं, ते झडप हलवतील." आणि मग मला थांबता येईना. मी नकाशाचं सांगितलं, वहीचं सांगितलं, दिवाळीनंतर आले होते, फटीतून आत बघितलं होतं, सगळं, आवाज चढत गेला, माझा मलाच ओळखू येईना.

राहीबाईचं डोलणं थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं, पुष्कळ वेळ, आणि मग मांडीवर बघितलं. पदर जरा पुढं ओढून तिनं जैनबच्या तोंडावर येणारा उजेड अडवला.

"हळू बोल," ती म्हणाली. "पोर झोपलीया."